मूळ गाठ आणि पसरलेली गाठ : मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमधल्या प्रतिकारपेशी

मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झाल्यावर पेशंटच्या हातात पॅथॉलॉजीचा जो रिपोर्ट येतो, तो जवळजवळ सगळा कॅन्सरच्याच पेशींविषयी असतो. गाठ किती सेंटिमीटरची, आतड्याच्या भिंतीत कुठल्या थरापर्यंत शिरलेली, कापलेल्या कडा स्वच्छ आहेत का, लसीकाग्रंथी किती सापडल्या आणि त्यांतल्या कितींत कॅन्सर पोचला. यावरून स्टेज ठरते आणि स्टेजवरून केमो. पण त्याच गाठीत, त्याच काचेच्या स्लाइडवर शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारपेशीही असतात. कॅन्सर ओळखून त्याच्याभोवती जमलेले लिम्फोसाइट असतात, मॅक्रोफेज असतात, न्यूट्रोफिल असतात. त्यांच्याविषयी रिपोर्टात एखादी ओळ असते. बरेचदा तीही नसते.

गेल्या वीस वर्षांतलं संशोधन सांगतं, की पेशंटचं पुढे काय होईल याचा अंदाज बांधायला ही न लिहिलेली ओळ स्टेजइतकीच, काही वेळा स्टेजहूनही जास्त कामाची ठरते. त्याच संशोधनातून दुसरी एक गोष्ट पुढे आली आहे आणि तिच्याविषयी आपल्याकडे फारसं बोललं जात नाही. आतड्यातल्या मूळ गाठीत प्रतिकारपेशींचं जे चित्र दिसतं, तेच यकृतात पसरलेल्या गाठीत दिसेल असं नाही. एकाच माणसाच्या यकृतातल्या दोन गाठींतही ते सारखं नसतं. मूळ गाठीचा तुकडा तपासायचा आणि त्यावरून सगळ्या शरीराचा निष्कर्ष काढायचा, ही आपली रीत इथे अपुरी पडते.

आधी आजाराचा आवाका. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार त्या वर्षी मोठं आतडं आणि गुदाशय यांच्या कॅन्सरचे सुमारे १९ लाख नवे पेशंट झाले आणि ९ लाखांवर माणसं दगावली. नव्या पेशंटांच्या संख्येत हा कॅन्सर जगात तिसरा आणि मृत्यूंच्या संख्येत दुसरा. भारतात वर्षाला सुमारे ७० हजार नवे पेशंट, म्हणजे लोकसंख्येच्या मानाने युरोप-अमेरिकेपेक्षा प्रमाण पुष्कळ कमी. मुंबईची कॅन्सर नोंदणी १९६३ पासून आणि बार्शीची ग्रामीण नोंदणी १९८७ पासून चालू आहे. आपल्याकडे हा आजार पश्चिमेपेक्षा कमी आणि गावात शहराहून कमी, हे अशा नोंदण्यांमुळेच ठामपणे सांगता येतं. पण संख्या कमी म्हणून आजार सौम्य, असं मात्र नाही. टाटा मेमोरियल हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी ८०० पेशंटांचा आढावा घेऊन २०१७ च्या सुमारास तो प्रसिद्ध केला. त्यात पेशंटांचं सरासरी वय ४७ च्या आसपास निघालं. पश्चिमेत हा प्रामुख्याने साठीच्या पुढचा आजार मानतात. गुदाशयाच्या कॅन्सरचं प्रमाण मोठं होतं, आणि सिग्नेट रिंग नावाचा, पेशीत श्लेष्म साठून केंद्रक कडेला ढकलला जाणारा घातक प्रकार साधारण १३ टक्के पेशंटांत सापडला. पश्चिमेत तो शंभरात एखाद्यालाच आढळतो. पुढचं सगळं वाचताना हे ध्यानात ठेवायला हवं. प्रतिकारपेशींवरचं बहुतेक संशोधन साठी-सत्तरीच्या युरोपीय-अमेरिकी पेशंटांच्या गाठींवर झालेलं आहे. आपला पेशंट वयाने तरुण आणि त्याची गाठ बरेचदा वेगळ्या जातीची.

आजार उशिरा कळणं ही आपली जुनी दुखरी नस आहे. शौचातून रक्त गेलं की मूळव्याध, हे घरातल्या घरात ठरतं. ‘मूळव्याध, भगंदर, फिशर’ अशा पाट्यांची आमच्या नाशिकमध्येही वाण नाही. बोट घालून तपासणी न करता, दुर्बीण न घालता महिनोन्महिने मलमं आणि चूर्णं चालतात. चाळिशीच्या माणसाला कॅन्सर असेल असं मनातही येत नाही. निदान होईपर्यंत काहींच्या यकृतात गाठी झालेल्या असतात, आणि मग मूळ गाठ व पसरलेली गाठ यांतला फरक हा पुस्तकातला प्रश्न उरत नाही.

नाशिकमध्ये आज एचसीजी मानवतासारखं कॅन्सर सेंटर आहे, आडगावला डॉ. वसंतराव पवार मेडिकल कॉलेज आहे. आतड्याच्या ऑपरेशनसाठी आणि केमोसाठी प्रत्येकाला मुंबई गाठावी लागत नाही. तरी दुसरं मत घ्यायला सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने परळच्या टाटा मेमोरियलला जाणारी आणि दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहण्याची सोय बघणारी कुटुंबं आहेतच. त्यांच्या पिशवीत फायली, सीटी स्कॅनच्या फिल्म आणि एका लहान पाकिटात ‘ब्लॉक’ असतात. ब्लॉक म्हणजे अंगठ्याच्या पेराएवढा मेणाचा ठोकळा, प्लास्टिकच्या जाळीदार कॅसेटवर बसवलेला, कडेला नंबर टाकलेला. फॉर्मालिनमध्ये ठेवून मग मेणात बसवलेला गाठीचा तुकडा त्यात असतो. त्यातून मायक्रोटोमने तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप घेतात आणि काचेवर रंगवतात. ब्लॉक नीट राखला तर वर्षांनंतरही त्यातून नवे काप घेता येतात, नव्या तपासण्या करता येतात. नातेवाईक रिपोर्टाचे कागद जिवापाड जपतात आणि ब्लॉक लॅबमधून मागून घ्यायचा असतो हे अनेकांना ठाऊकच नसतं.

नेहमीच्या निळ्या-गुलाबी रंगाईत लिम्फोसाइट ओळखणं अवघड नाही. लहान, गोल, गर्द निळं केंद्रक आणि भोवती पेशीद्रव जवळजवळ नाहीच. कॅन्सरच्या वेड्यावाकड्या ग्रंथींच्या मध्ये ते विखुरलेले दिसतात. काही वेळा थेट कॅन्सरपेशींच्या रांगेत घुसलेले दिसतात. पण सगळ्यांत जास्त माहिती मिळते गाठीच्या कडेला. गाठ जिथे निरोगी भिंतीत शिरू पाहते ती सीमा म्हणजे गावाची वेस धरली, तर काही पेशंटांत वेशीवर लिम्फोसाइटांची दाट फळी उभी असते, काहींत तुरळक माणसं, आणि काहींत वेस उघडीच. ब्रिटिश पॅथॉलॉजिस्ट जेरेमी जास यांनी १९८७ मध्येच गुदाशयाच्या कॅन्सरसाठी जी वर्गवारी सुचवली, तीत कडेवरच्या या लिम्फोसाइटांना जागा दिली होती. गाठीपासून थोडं दूर, भिंतीच्या बाहेरच्या थरांत लिम्फोसाइटांचे गोल पुंजके बनतात, जणू नव्या लसीकाग्रंथीच. क्रोन्सच्या आजारात दिसतात तसे म्हणून त्यांना ‘क्रोन्ससारखी प्रतिक्रिया’ हे नाव १९९० पासून रूढ आहे. आता कळतं, की तिथे बी पेशी आणि टी पेशी या लिम्फोसाइटांच्या दोन जाती एकत्र येऊन कॅन्सरविरुद्धचा प्रतिसाद तयार करतात. हे सगळं साध्या मायक्रोस्कोपखाली दिसतं. त्याला महागडं यंत्र लागत नाही, पाहण्याची सवय लागते.

निरीक्षणाला आकड्यांची शिस्त लावली ती पॅरिसच्या जेरोम गॅलाँ आणि फ्रांक पाजेस यांच्या गटाने. २००५ मध्ये त्यांनी दाखवलं, की ज्या गाठींत स्मृतिधारी टी पेशी भरपूर असतात, त्यांच्यात रक्तवाहिन्या, लसीकावाहिन्या आणि नसांमधून पसरण्याच्या सुरुवातीच्या खुणा कमी सापडतात. २००६ मध्ये ‘सायन्स’मधला त्यांचा निबंध आला आणि या प्रश्नाचं सगळं रूपच बदललं. प्रतिकारपेशी कुठल्या जातीच्या, किती दाट आणि गाठीत नेमक्या कुठे, या तीन गोष्टींवरून पेशंटचं भवितव्य सांगता येतं आणि ते स्टेजवरून बांधलेल्या अंदाजाहून सरस ठरू शकतं, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यातून ‘इम्युनोस्कोर’ जन्मला. सीडी३ ही सगळ्या टी पेशींची खूण आणि सीडी८ ही मारक टी पेशींची. या दोन्ही पेशी गाठीच्या मध्यात आणि कडेवर संगणकाने मोजायच्या आणि गुण द्यायचे.

एका शहरातल्या एका गटाचा निष्कर्ष जगभर लागू पडेल का, ही शंका रास्त होती. म्हणून १३ देशांतल्या १४ केंद्रांनी २,६८१ पेशंटांचे ब्लॉक तपासले आणि २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निकाल आला. पहिल्या तुकडीत पाच वर्षांत आजार उलटण्याचं प्रमाण जास्त गुणवाल्यांत ८ टक्के, मधल्यांत १९ टक्के आणि कमी गुणवाल्यांत ३२ टक्के निघालं. चौपट फरक, आणि तोही ऑपरेशन होऊ शकलेल्या पेशंटांमध्ये. भारतातून या कामात अहमदाबादची गुजरात कॅन्सर अँड रिसर्च इन्स्टिट्यूट होती. शेजारच्या राज्याने हे काम केलं याचा मला आनंद आहे, आणि महाराष्ट्राचं नाव त्यात असायला हवं होतं असंही वाटतं. याच मुंबईत डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी टाटा मेमोरियलच्या प्रयोगशाळेत स्लाइडींच्या आधाराने भारतीय कॅन्सर संशोधनाची पायाभरणी केली, इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर उभं केलं आणि पुण्याच्या डॉ. कमल रणदिवे यांच्यासारखी माणसं तिथे घडली. मायक्रोस्कोपपाशी बसून मोठा प्रश्न सोडवायची परंपरा आपल्याला परकी नाही.

प्रतिकारपेशी म्हणजे सगळ्या आपल्या बाजूच्या, असं समजणं मात्र घाईचं होईल. आवरत्या टी पेशींची कहाणी या दृष्टीने फार शिकवणारी आहे. शिमोन साकागुची, मेरी ब्रुन्को आणि फ्रेड रॅम्सडेल यांना २०२५ चं वैद्यकाचं नोबेल मिळालं ते याच पेशींसाठी. एफओएक्सपी३ ही त्यांची खूण, आणि बाकीच्या प्रतिकारपेशींना आवर घालणं हे काम. बऱ्याच कॅन्सरांत या पेशी वाढल्या की पेशंटचं वाईट होतं. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये मात्र ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांना २००९ मध्ये उलटंच दिसलं. गाठीत एफओएक्सपी३ असलेल्या पेशी जास्त, तर पेशंट जास्त जगतो. बरीच वर्षं हा गुंता सुटेना. २०१६ मध्ये साकागुचींच्याच गटाने त्याची उकल केली. आतड्याच्या काही गाठींत एफओएक्सपी३ ची खूण फिकी असलेल्या पेशी असतात. त्या दिसायला आवरत्या, पण प्रत्यक्षात दाह वाढवणाऱ्या. ज्यांच्या गाठीत या पेशी भरपूर, ते पेशंट बरे राहिले. आणि अशा गाठींत आतड्यातले जंतू, विशेषतः फ्युसोबॅक्टेरियम न्यूक्लिएटम, जास्त सापडले.

यातली गंमत अशी, की हाच जंतू दुसऱ्या प्रयोगांत खलनायक ठरला आहे. आपल्या अंगावरच्या एका प्रथिनाने तो नैसर्गिक मारक पेशींना निष्क्रिय करतो, हे २०१५ मध्ये जेरुसलेमच्या गटाने दाखवलं. मूळ गाठीतलाच फ्युसोबॅक्टेरियम यकृतातल्या गाठीतही कॅन्सरबरोबर जाऊन पोचलेला असतो, हे २०१७ मध्ये दिसलं. आतडं हा अवयवच असा, की कोट्यवधी जंतूंच्या संगतीत प्रतिकारशक्तीने शांत राहावं लागतं. म्हणून स्तनाच्या किंवा फुप्फुसाच्या कॅन्सरवरून आतड्याचे आडाखे बांधता येत नाहीत.

बाकीच्या पेशींविषयी थोडक्यात. मॅक्रोफेज परिस्थितीप्रमाणे रूप बदलतात. काही कॅन्सरपेशी गिळतात, तर काही त्यांना नव्या रक्तवाहिन्या आणि आडोसा मिळवून देतात. न्यूट्रोफिलांचंही तसंच. गॅमा-डेल्टा टी पेशींकडे कालपर्यंत फारसं कुणी पाहत नव्हतं. २०२३ मध्ये नेदरलँड्समधल्या गटाने दाखवलं, की कॅन्सरपेशीने स्वतःची ओळखखूणच लपवली आणि नेहमीच्या मारक टी पेशी निरुपयोगी झाल्या, तरी या पेशी तिला गाठू शकतात.

आता उपचारांशी थेट जोडलेली गोष्ट. पेशी विभागताना डीएनएची नक्कल होते आणि त्यातल्या चुका दुरुस्त करणारी प्रथिनं असतात. एमएलएच१, एमएसएच२, एमएसएच६ आणि पीएमएस२ ही त्यांतली मुख्य चार. ही यंत्रणा बंद पडली की गाठीत हजारो चुका साठतात, परकी वाटणारी प्रथिनं तयार होतात आणि टी पेशी झुंडीने येतात. अशा गाठींना एमएसआय-हाय म्हणतात. सगळ्या स्टेज धरल्या तर मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये त्यांचा वाटा सुमारे १५ टक्के, पण पसरलेल्या आजारात जेमतेम ५ टक्के. या दोन आकड्यांतली तफावतच बरंच काही सांगते: टी पेशींनी भरलेली गाठ सहसा दूर जाऊ शकत नाही.

२०१५ मध्ये पेम्ब्रोलिझुमॅब या, टी पेशींवरचा लगाम काढणाऱ्या इम्युनोथेरपीच्या औषधाचा पहिला लहान अभ्यास झाला. दुरुस्ती बिघडलेल्या मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये ४० टक्के पेशंटांच्या गाठी आकसल्या. दुरुस्ती शाबूत असलेल्यांत एकाचीही नाही. औषध तेच, अवयव तोच, फरक दुरुस्तीचा, आणि म्हणून गाठीत टी पेशी आधीपासून होत्या की नव्हत्या याचा. २०२० मध्ये ३०७ पेशंटांच्या चाचणीत पसरलेल्या एमएसआय-हाय कॅन्सरमध्ये आजार न वाढता गेलेला काळ केमोने ८.२ महिने, तर पेम्ब्रोलिझुमॅबने १६.५ महिने मिळाला. २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या अँड्रिया सर्सेक यांनी गुदाशयाच्या अशा कॅन्सरच्या पहिल्या १२ पेशंटांत डोस्टारलिमॅब हे त्याच जातीचं औषध वापरलं आणि बाराही जणांची गाठ दिसेनाशी झाली. ऑपरेशन, रेडिएशन काहीच लागलं नाही. तिशी-चाळिशीतल्या माणसाचा गुदाशय वाचणं, पोटावर कायमची पिशवी न लागणं याचं मोल काय, ते त्या घरालाच कळतं. नेदरलँड्सच्या मिरियम शलाबी यांनी मोठ्या आतड्याच्या अशाच कॅन्सरमध्ये ऑपरेशनपूर्वी इम्युनोथेरपीचे अवघे दोन डोस देऊन १११ पैकी ६८ टक्के पेशंटांच्या कापलेल्या आतड्यात जिवंत कॅन्सर शिल्लक नसल्याचं दाखवलं.

इतकं असूनही २०२० च्या त्या चाचणीत पेम्ब्रोलिझुमॅब घेणाऱ्या जवळपास ३० टक्के पेशंटांचा आजार औषध चालू असतानाच वाढला. आणि उरलेले ९५ टक्के, ज्यांचा पसरलेला कॅन्सर एमएसआय-हाय नाही, त्यांना या औषधांचा सहसा उपयोग होत नाही. असं का होतं, हे समजायला यकृतात जावं लागतं.

आतड्यातलं रक्त पोर्टल शिरेने आधी यकृतात जातं. त्यामुळे सुटलेल्या कॅन्सरपेशीचा पहिला मुक्काम बहुधा तिथेच पडतो. यकृताचं कामच असं, की अन्नातून आणि जंतूंमधून रोज येणाऱ्या परक्या पदार्थांवर दर वेळी दाह उठू द्यायचा नाही. शमवण्याच्या या स्वभावाचा कॅन्सर फायदा उठवतो. मिशिगनच्या वेइपिंग झोऊ यांच्या गटाने २०२१ मध्ये उंदरांत दाखवलं, की यकृतात गाठ असेल तर तिथले मॅक्रोफेज रक्तातल्या मारक टी पेशींना ओढून घेतात आणि मरायला लावतात. नुकसान यकृतापुरतं राहत नाही. शरीरात इतरत्र असलेल्या गाठीवरही औषध चालेनासं होतं. यकृतातल्या गाठीवर रेडिएशन दिल्यावर उंदरांत औषधाचा असर परत आला. २०२२ मध्ये शांघायच्या संशोधकांनी पेशंटांच्या मूळ आणि यकृतातल्या गाठी एकेक पेशी सुटी करून वाचल्या. यकृतात त्यांना कॅन्सरला साथ देणाऱ्या मॅक्रोफेजांची एक खास जात फोफावलेली दिसली. बार्सिलोनाच्या एदुआर्द बातिये यांनी टीजीएफ-बीटा या रसायनाकडे बोट दाखवलं; त्याच्यामुळे टी पेशी गाठीच्या बाहेरच अडतात.

माणसांतल्या चाचण्यांतही हेच दिसत आलं आहे. बोटेन्सिलिमॅब आणि बॅल्स्टिलिमॅब ही इम्युनोथेरपीच्या औषधांची नवी जोडी दुरुस्ती शाबूत असलेल्या कॅन्सरमध्येही काहींना लागू पडली, पण फायदा प्रामुख्याने यकृतात चालू गाठ नसलेल्यांना. फुप्फुसात पसरलेला आणि यकृतात पसरलेला, हे दोन पेशंट आपण ‘स्टेज चार’ या एकाच खणात टाकतो. प्रतिकारशक्तीच्या बाजूने पाहिलं तर त्यांचा आजार सारखा नाही.

पण यकृतातल्या सगळ्या गाठी टी पेशींनी ओस पडलेल्या असतात असंही नाही. हायडलबर्गच्या नील्स हालामा यांनी २०११ मध्ये दाखवलं, की यकृतातल्या गाठीच्या कडेवर टी पेशी दाट असतील तर केमोही चांगली लागू पडते. म्हणजे केमो आणि प्रतिकारशक्ती यांचे मार्ग आपण समजतो तितके वेगळे नाहीत. याच हालामांनी पाच वर्षांनी दुसरी बाजू मांडली: यकृतातल्या गाठीपाशी टी पेशींनीच सोडलेलं सीसीएल५ हे रसायन मॅक्रोफेजांमार्फत कॅन्सरच्या पथ्यावर पडू शकतं आणि एचआयव्हीवरचं मारविरॉक हे औषध तो मार्ग अडवतं.

माझ्या दृष्टीने या सगळ्या आढाव्यातलं सर्वांत महत्त्वाचं काम २०१८ चं. गॅलाँ आणि व्हॅन डेन आइंडे यांच्या गटाने ऑपरेशनने काढलेल्या शेकडो पसरलेल्या गाठींचे पूर्ण काप मोजले. एकाच पेशंटच्या एका गाठीत टी पेशी खच्चून भरलेल्या, तर शेजारचीत शुकशुकाट. आणि पेशंट किती जगेल हे सरासरीवरून नाही, तर प्रतिकारपेशी सगळ्यांत कमी असलेल्या गाठीवरून जास्त चांगलं कळलं. त्याच वर्षी दोन पेशंटांचा अकरा वर्षांचा माग काढून या मंडळींनी दाखवलं, की ज्या कॅन्सरपेशींना टी पेशींनी ओळखलं त्या हळूहळू नाहीशा झाल्या, आणि ज्या नजरेतून सुटल्या त्यांच्यापासून पुढच्या गाठी झाल्या. म्हणून यकृतातल्या चार गाठींपैकी सोयीच्या एका गाठीची सुईने बायोप्सी करून ‘टी पेशी आहेत’ म्हणणं दिलासा देणारं असलं, तरी निर्धास्त करणारं नाही.

या मांडणीत न बसणारीही एक गोष्ट आहे आणि ती सांगायलाच हवी. २०२४ मध्ये फ्रान्समधून ट्रान्समेट चाचणीचा निकाल आला. फक्त यकृतात पसरलेल्या, ऑपरेशनने न काढता येणाऱ्या, पण केमोने काबूत राहिलेल्या मोजक्या पेशंटांपैकी काहींचं यकृत बदललं गेलं. पाच वर्षांनी केमोवरच्या पेशंटांपैकी १३ टक्के हयात होते आणि प्रत्यारोपण केलेल्यांपैकी ५७ टक्के. प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालूच ठेवावी लागतात! प्रतिकारपेशी हेच सर्वस्व असतं तर हे पेशंट लवकर जायला हवे होते. टी पेशींना थोपवणारं यकृतच शरीरातून गेलं हा त्याचा एक अर्थ असू शकतो. निवड अत्यंत काटेकोर होती हा दुसरा. मला दुसरा जास्त पटतो, पण प्रश्न मिटलेला नाही.

मूळ गाठ आणि यकृत यांच्यामध्ये रक्ताचा प्रवास आहे, आणि तिथे नाशिकचं नाव येतं. अंबड एमआयडीसीतल्या दातार कॅन्सर जेनेटिक्सने रक्तात फिरणारे कॅन्सरपेशींचे पुंजके शोधण्यावर काम केलं. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या मोठ्या अभ्यासात निरनिराळ्या कॅन्सरच्या दर दहांपैकी जवळपास नऊ पेशंटांच्या रक्तात तीन किंवा अधिक पेशींचे असे पुंजके सापडल्याचं नोंदलं आहे. पांढऱ्या पेशींची सीडी४५ ही खूण असलेल्या पेशीही त्या व्याख्येत धरल्या होत्या. त्याच सुमारास स्वित्झर्लंडच्या गटाने स्तनाच्या कॅन्सरमध्ये न्यूट्रोफिल कॅन्सरपेशीला चिकटून प्रवास करतात आणि तिची वाढ सोपी करतात, हे दाखवलं होतं. रक्ताच्या अशा चाचणीने निरोगी माणसांचे जीव वाचतात, हे सिद्ध करायला लांब पल्ल्याच्या मोठ्या चाचण्या लागतात. तोवर ‘एका थेंबात कॅन्सर कळतो’ या भाषेपासून लोकांनी सावध राहावं. पण आपल्या गावातल्या औद्योगिक वसाहतीत हा प्रश्न कुणी इतक्या नेटाने हाताळतो, याचं मोल आहेच.

औषधांच्या बाबतीत लोक दोन गोष्टी विचारतात. एक, आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलने मिळून केलेली कार-टी, म्हणजे पेशंटच्याच टी पेशी बदलून परत देण्याचा उपचार. नेक्सकार१९ ला ऑक्टोबर २०२३ मध्ये परवानगी मिळाली, ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते तिचं लोकार्पण झालं आणि परदेशाच्या मानाने खर्च सुमारे दहाव्या हिश्श्यावर आला. पण ती रक्ताच्या विशिष्ट कॅन्सरसाठी आहे. रक्तातल्या कॅन्सरपेशी टी पेशीला सहज भेटतात. आतड्याच्या घट्ट गाठीत शिरून तिथल्या मॅक्रोफेजांपुढे टिकणं वेगळं. आतड्याच्या पेशंटला सध्या तिची आशा दाखवू नये. दुसरी, कमी डोसची इम्युनोथेरपी. डोक्या-मानेच्या कॅन्सरमध्ये टाटाच्या डॉक्टरांनी तोंडाने घ्यायच्या औषधांबरोबर दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम निव्होलुमॅब दिलं. वर्षभर जगणाऱ्यांचं प्रमाण १६.३ वरून ४३.४ टक्क्यांवर गेलं. आपल्यासारख्या देशांत ही औषधं पूर्ण डोसात जेमतेम १ ते ३ टक्के पेशंटांना मिळतात, हे त्याच निबंधात म्हटलं आहे. मोठ्या आतड्याच्या एमएसआय-हाय कॅन्सरमध्ये अशीच चाचणी महाराष्ट्रात व्हावी, असं मला मनापासून वाटतं. तोवर एका कॅन्सरचा आकडा दुसऱ्याला लावून डोस कमी करणं योग्य नाही.

मग आज नाशिकमध्ये काय करता येईल? पहिलं काम अगदी साधं. प्रत्येक मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये डीएनए दुरुस्तीच्या त्या चार प्रथिनांची आयएचसी, म्हणजे प्रथिनं रंगवून पाहण्याची तपासणी, व्हायला हवी, आणि ती ऑपरेशनआधी, दुर्बिणीने घेतलेल्या बायोप्सीवरच. ऑपरेशननंतर कळलं तर आतडं वाचवायची संधी गेलेली असते. केमो सुरू झाल्यावर कळलं तर पैसे आणि ताकद दोन्ही खर्ची पडलेली असतात. इम्युनोथेरपीच्या खर्चापुढे या तपासणीचा खर्च किरकोळ आहे. चारांपैकी एखादं प्रथिन नसेल तर लिंच सिंड्रोम या आनुवंशिक कारणाचा विचार करावा लागतो आणि भावंडांची, मुलांची तपासणी ठरते. खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये टाटाचं कॅन्सर जेनेटिक्सचं केंद्र आहे. दुसरं, रिपोर्टात कडेवरच्या लिम्फोसाइटांची आणि क्रोन्ससारख्या प्रतिक्रियेची ओळ असावी. त्यासाठी नवा रंगसुद्धा लागत नाही. तिसरं, यकृताची गाठ काढली तर तिचाही ब्लॉक जपावा आणि रिपोर्टावर ती कुठल्या जागेची हे स्पष्ट असावं.

आणि चौथं काम नाशिकच्याच हातातलं आहे. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून इथे, म्हसरूळला दिंडोरी रस्त्यावर आहे. राज्यभरातल्या बहुतेक वैद्यकीय महाविद्यालयांतले एमडी पॅथॉलॉजीचे विद्यार्थी याच विद्यापीठाकडे आपले प्रबंध पाठवतात. प्रबंध लिहिल्याशिवाय पदवी मिळत नाही. दर वर्षी यांतल्या दहा-पंधरा जणांनी आपापल्या कॉलेजच्या कपाटातले ब्लॉक काढून, एकाच पद्धतीने, मूळ गाठ आणि पसरलेली गाठ शेजारी ठेवून सीडी३ आणि सीडी८ मोजले तर पाच वर्षांत महाराष्ट्राच्या पेशंटांचा स्वतःचा आकडा हाती येईल. त्यात पंचेचाळिशीचे पेशंट असतील, सिग्नेट रिंग असेल, गुदाशयाचे कॅन्सर असतील. पॅरिसच्या तक्त्यात जे पुरेसे नाहीत ते सगळे असतील. ब्लॉक कपाटात आहेत, विद्यार्थी आहेत, मायक्रोस्कोप आहेत. पद्धत ठरवून देणारं आणि आकडे एकत्र करणारं कुणीतरी हवं आहे.